ओळखी हजार, काम एकही नाही!

१. तक्रार आणि तिच्यातलं उत्तर

शिरोली, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराशी ऑनलाइन ओळखींचा विषय काढा. एक तक्रार हमखास ऐकू येते. "लिंक्डइनवर हजार माणसं जोडली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर उद्योजकांचे दहा ग्रुप आहेत. आठवड्याला दोन पोस्ट टाकतो. पण काम येतं ते शेवटी मेहुण्याच्या मित्राकडून. मग हा खटाटोप करायचा कशाला?"

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. प्रशिक्षण वर्गवाले सांगतात, पोस्ट वाढवा. घरची जुनी मंडळी सांगतात, फोन खाली ठेवा आणि मशीनकडे बघा. पण खरं उत्तर त्या तक्रारीतच आहे. काम मेहुण्याने दिलं नाही, त्याच्या मित्राने दिलं. म्हणजे काम देणारा माणूस दूरचाच होता. फरक इतकाच, की मध्ये कुणीतरी शब्द टाकला होता. इंटरनेटमुळे दूरचा माणूस शोधणं जवळपास फुकट झालं आहे. शब्द टाकणारा माणूस मात्र पूर्वीइतकाच दुर्मीळ आहे. या प्रकरणात आपण या दोन गोष्टींची उकल करणार आहोत.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कारखानदार सोबत घेऊ. शिरोलीत त्याची दोन व्हीएमसी मशीन आहेत, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रं. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग तो जॉबवर्कवर करून देतो. ग्राहक तीनच, तिन्ही कोल्हापुरातले. त्याला पुण्याकडच्या एखाद्या पंप कंपनीचं काम हवं आहे.

२. रस्ता असतो, पण पुढे कोण जाणार?

दोन अनोळखी माणसांमध्ये ओळखींची साखळी किती लांब असते, हे स्टॅन्ले मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तपासलं. त्याने आणि जेफ्री ट्रॅव्हर्सने १९६९ मध्ये छापलेल्या प्रयोगात नेब्रास्का राज्यातली आणि बोस्टन परिसरातली २९६ माणसं निवडली होती. बोस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत पाकीट पोचवायचं, हे त्यांचं काम. अट अशी की पाकीट फक्त आपल्या चांगल्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचं, त्याने त्याच्या ओळखीच्या माणसाकडे. पोचलेली पाकिटं सरासरी पाचाहून जरा जास्त मध्यस्थांच्या हातून गेली होती. 'जगातली कोणतीही दोन माणसं सहा पावलांवर असतात' हे वाक्य अशाच प्रयोगांमुळे जगभर झालं.

त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही. २९६ पैकी पोचली फक्त ६४ पाकिटं. बाकीची कुठे ना कुठे अडकून राहिली.

हाच प्रयोग कोलंबिया विद्यापीठातल्या पीटर डॉड्स, रॉबी मुहमद आणि डंकन वॉट्स यांनी ईमेलवर करून २००३ मध्ये प्रसिद्ध केला. साठ हजारांहून जास्त माणसं, तेरा देशांतली अठरा लक्ष्यं, म्हणजे ज्यांच्यापर्यंत ईमेल पोचवायचा ती माणसं. पाकिटाला निदान तिकीट लावावं लागायचं, ईमेलला तेही नको. २४,१६३ साखळ्या सुरू झाल्या आणि पोचल्या ३८४. पाकिटं शंभरात सुमारे बावीस पोचली होती, ईमेल हजारात सोळा. दोन्ही प्रयोगांची परिस्थिती सारखी नव्हती, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून मोठा निष्कर्ष काढू नये. पण पाठवणं सोपं झालं म्हणून पोचणं सोपं होत नाही, एवढं नक्की दिसतं. साखळी का तुटली, तेही संशोधकांनी विचारलं. 'पुढे पाठवायला योग्य माणूसच सुचला नाही' असं सांगणारे अगदी नगण्य निघाले. माणूस होता, इच्छा नव्हती. आणि ज्या साखळ्या पोचल्या, त्या बहुतेक व्यवसायातल्या आणि फारशा घट्ट नसलेल्या ओळखींच्या आधाराने पोचल्या.

लिंक्डइन २००३ च्या मे महिन्यात सुरू झालं. तुमच्यात आणि त्या पंप कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यात कोण आहे, हे ते दाखवतं. पूर्वी हा नकाशा कुणालाच मिळत नव्हता, त्यामुळे ही सोय मोठीच आहे. पण मधल्या माणसाच्या मनात तुमचं नाव पुढे करायची इच्छा निर्माण करणं लिंक्डइनच्या हातात नाही.

ती इच्छा का नसते? पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचा प्रसंग आठवा. कर्ज दुसऱ्याचं असतं, सही आपली. हप्ता थकला की नोटीस आपल्याही घरी येते. कुणाची शिफारस करणं हे तसंच आहे. माल खराब निघाला तर खरेदी अधिकारी आधी शिफारस करणाऱ्याकडे बघतो. म्हणून भला माणूससुद्धा 'बघतो' म्हणतो आणि विसरून जातो. त्याला तुमच्याबद्दल राग नसतो. सही करण्याइतकी माहिती त्याच्याकडे नसते. ती माहिती आपणहून, थोडी थोडी, आधीपासून देत राहणं हेच ऑनलाइन ओळखींचं मुख्य काम आहे.

३. दूरची ओळख कामाला का येते?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की नव्या जागेची बातमी कुणी दिली आणि तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? १९७३ मध्ये छापलेल्या लेखातली उत्तरं अशी. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांचा बातमीदार आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारा होता. ५६ टक्क्यांचा कधीमधी भेटणारा, तर २८ टक्क्यांचा वर्षातून एखादवेळी किंवा त्याहूनही कमी.

जिवलग मदत करत नाहीत, असा याचा अर्थ नाही. त्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, एवढाच तो आहे. हिशेब करून पाहू.

आपल्या कारखानदाराची ३० जवळची माणसं आहेत. प्रत्येकाला धंद्यातली ४० माणसं ठाऊक आहेत. पण सगळे शिरोलीतलेच, म्हणून त्या ४० पैकी ३५ जणांना आपला कारखानदारही ओळखतो. नवी माणसं प्रत्येकी ५, एकूण जास्तीत जास्त १५०.

आता ३० दूरच्या ओळखी घ्या. त्यांनाही प्रत्येकी ४० माणसं ठाऊक आहेत, पण सामाईक फक्त ५. नवी माणसं प्रत्येकी ३५, एकूण १,०५० पर्यंत. माणसं तेवढीच, आवाका सातपट.

मग जितकी दूरची तितकी चांगली का? या शंकेचं उत्तर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. लिंक्डइन 'ही माणसं कदाचित तुमच्या ओळखीची असतील' अशा सूचना दाखवतं. त्या सूचना वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या पद्धतीने दाखवून पाच वर्षांत सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर प्रयोग झाले होते. त्यांचं विश्लेषण केल्यावर दिसलं, की नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडतात त्या मधल्या ओळखी. अगदी घट्ट नाहीत, पण अगदी नावापुरत्याही नाहीत. ओळख त्याहून पातळ झाली की उपयोग पुन्हा घटतो. अभ्यास नोकऱ्यांचा होता. पण ऑर्डर काय किंवा नोकरी काय, बातमी कुणाकडून येते आणि शब्द कोण टाकतो हे दोन्हीकडे सारखंच लागतं.

आपल्या कारखानदाराने म्हणून हजार अनोळखी लोकांना जोडण्याआधी मधल्या माणसांची यादी करावी. डिप्लोमाच्या वर्गातला, आता चाकणला क्वालिटीत असलेला मित्र. फाउंड्रीतून पुण्याला बदलून गेलेला इंजिनिअर. टूल इन्सर्ट विकायला येणारा आणि दहा कारखान्यांत ऊठबस असणारा प्रतिनिधी. ट्रान्सपोर्टवाला. सीएच्या ऑफिसात भेटणारे इतर उद्योजक. अशा चाळीस-पन्नास माणसांना ऑनलाइन शोधून जोडणं म्हणजे अर्धी लढाई.

४. समोरच्याने विश्वास का ठेवावा?

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका लेखात जुन्या मोटारींच्या बाजाराचं कोडं मांडलं. गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतीपोटी कमीच किंमत देतो. कमी किंमत मिळते म्हणून चांगली गाडी असलेला विकायलाच येत नाही, आणि बाजारात खटारे उरतात. या लेखाचा वाटा असलेल्या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं.

ऑनलाइन चौकशीत हेच होतं. खरेदी अधिकाऱ्याला चाळीस कोटेशन येतात आणि सगळ्यांवर 'उत्तम दर्जा, वेळेवर डिलिव्हरी, वाजवी दर' लिहिलेलं असतं. हे वाक्य खोटं लिहायला काहीच खर्च येत नाही, म्हणून खऱ्याने लिहिलं तरी त्याला किंमत नाही. मग तो नाइलाजाने दरावर घासाघीस करतो.

यातून सुटका कशी होते, ते ईबे या लिलावाच्या साइटवरच्या एका प्रयोगात दिसतं. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एका मुरलेल्या विक्रेत्याकडून जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच जोड विकले. काही त्याच्या चांगले शेरे मिळालेल्या खात्यावरून, काही नव्या कोऱ्या खात्यांवरून. जुन्या खात्याला ग्राहकांनी सुमारे ८ टक्के जास्त भाव दिला. माल तोच, माणूस तोच. जास्तीचे पैसे मिळाले ते मागच्या वागणुकीच्या नोंदीला.

आपल्या कारखानदाराने अशी नोंद कशी उभी करावी? सोपा नियम असा, की खोट्याला लिहायला अवघड जाईल ते लिहावं.

'सर्व प्रकारचं मशिनिंग' याऐवजी: 'कास्ट आयर्न पंप केसिंग, ४०० मिलीमीटरपर्यंत, महिन्याला ८०० नग, अ‍ॅल्युमिनियमचं काम करत नाही.' आपण काय करत नाही हे सांगणाऱ्यावर माणसं चटकन विश्वास ठेवतात. फोटोही इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत यंत्राचा नको. आपल्याच शॉपफ्लोअरवर गेज लावून मापलेल्या नगाचा हवा.

काही नोंदी सरकारदरबारीच असतात. जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीचं नाव, तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कुणालाही दिसतं. प्रोफाइलवर आणि कोटेशनवर हा क्रमांक स्वतःहून द्यावा. नव्या ग्राहकाला उधारीवर माल देण्याआधी त्याचाही तपासावा. ऑनलाइन भेटलेल्या माणसाची खातरजमा करण्यात अपमान कुणाचाच नाही.

५. पहिला मेसेज

आता दोन मेसेज शेजारी ठेवून पाहू. पहिला:

"नमस्कार सर, आम्ही मशिनिंगची सर्व कामे माफक दरात करून देतो. कृपया एक संधी द्यावी. सोबत कंपनी प्रोफाइल जोडले आहे."

यात वाईट काही नाही. पण सगळं काम वाचणाऱ्यावर टाकलं आहे. त्याने प्रोफाइल उघडायचं, आपल्या गरजेशी ताडून बघायचं आणि अनोळखी माणसाला संधीही द्यायची. दुसरा:

"नमस्कार सर. मी शिरोलीत पंप केसिंगचं मशिनिंग करतो. केसिंगच्या लीकेजबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. आमच्याकडे क्लॅम्प जास्त आवळल्याने केसिंग किंचित वाकायचं आणि तोंडाचा सपाटपणा बिघडायचा. फिक्स्चर बदलल्यावर फरक पडला. फोटो हवा असेल तर पाठवतो. उत्तराची घाई नाही."

इथे कामाची मागणीच नाही. तरीही माणूस काय करतो, कुठे करतो आणि त्याला त्यातलं किती कळतं, हे सहा-सात ओळींत समजतं. 'हो, पाठवा' एवढंच उत्तर पुरतं. उत्तर आलं नाही तर दहा-पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि मग थांबावं. तिसऱ्यांदा विचारलं की पुढच्याला नकार देण्याचा कंटाळा येतो आणि तो नंबर ब्लॉक करतो.

मधल्या माणसाकडून ओळख हवी असेल तर त्याचंही काम हलकं करावं. डिप्लोमाच्या मित्राला 'अरे, तिकडे जरा माझं बोल ना' म्हणण्यापेक्षा त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर द्यावा. सोबत एक वाक्य लिहावं: 'तुला अवघड वाटत असेल तर राहू दे, मला वाईट वाटणार नाही.' ही पळवाट जरूर ठेवावी. ती ठेवली की जो शब्द टाकतो तो मनापासून टाकतो. उलट बाजूने, तुम्ही दोघांची ओळख करून देणार असाल तर आधी दोघांनाही विचारा. न विचारता ग्रुपमध्ये कुणाचा नंबर टाकणं हा आगाऊपणा आहे.

६. टिकवायचं कसं?

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ च्या सुमारास माकडवर्गीय प्राण्यांचा मेंदू आणि त्यांच्या टोळ्यांचा आकार यांची सांगड घालून अंदाज बांधला, की माणसाला सुमारे १५० नाती सांभाळता येतात. त्यातही थर असतात: सुमारे ५, १५, ५० आणि १५०. नेमक्या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण हजार माणसांशी जिवंत संबंध राहत नाही हे आपल्यालाही अनुभवाने पटतं. मग हिशेब असा मांडता येईल.

सर्वांत महत्त्वाच्या १५ माणसांशी महिन्यातून एकदा: वर्षाला १८० वेळा.
पुढच्या ३५ जणांशी तीन महिन्यांतून एकदा: १४० वेळा.
उरलेल्या १०० जणांशी वर्षातून एकदा: १०० वेळा.

बेरीज ४२०. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोज दीड माणूससुद्धा होत नाही. प्रत्येकी पाच मिनिटं दिली तरी रोज सात मिनिटं. चहा निवेपर्यंत होणारं काम आहे. एका साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये नाव, शेवटचं बोलणं आणि त्यांची सध्याची अडचण असे तीन रकाने ठेवले तर यादी आपोआप चालते.

पाठवायचं काय? गुलाबाच्या फुलावरचं सुप्रभात आणि दिवाळीला सगळ्यांना एकच चित्र, हे नकोच. त्यातून 'मी तुमचा वेगळा विचार केला नाही' एवढंच कळतं. त्या माणसाच्या उपयोगाचं काहीतरी पाठवावं: त्याच्या मालाची सरकारी निविदा निघाली, त्याच्या गावाजवळ प्रदर्शन आहे, कुणाला त्याच्यासारखा सप्लायर हवा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. समोरच्याने तुम्हाला आपल्या वहीत जागा दिलेली असेल, तरच.

ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्यांचं काय? 'इतक्या दिवसांनी कामासाठी फोन केला असं वाटेल' म्हणून आपण संकोचतो. डॅनियल लेविन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निगन यांनी कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना चालू कामातल्या प्रश्नावर अशाच जुन्या, किमान तीन वर्षं संपर्क तुटलेल्या माणसांचा सल्ला घ्यायला लावलं. २०११ मध्ये छापलेल्या या अभ्यासात जुन्या माणसांचे सल्ले रोजच्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक नवे निघाले, आणि पूर्वीचा विश्वासही शाबूत होता. मधल्या वर्षांत ती माणसं वेगळ्या जगात वावरून आलेली असतात. संकोच बाजूला ठेवून सरळ लिहावं: 'बऱ्याच वर्षांनी लिहितोय. एका गोष्टीत तुमचा सल्ला हवा आहे.' गोल गोल चौकशी करून शेवटी काम काढण्यापेक्षा हे बरं.

७. शब्द टाकल्यानंतर

समजा, ओळख लागली आणि पंप कंपनीने पन्नास नगांची ट्रायल ऑर्डर दिली. खरी परीक्षा आता सुरू होते.

रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने संगणकावरच्या एका स्पर्धेत सहकार्य आणि फसवणूक यांचे वेगवेगळे डाव एकमेकांशी पुनःपुन्हा खेळवले. १९८४ च्या पुस्तकात त्याने त्याचं सार मांडलं. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा डाव, 'जशास तसे': सुरुवात चांगुलपणाने, मग समोरचा वागेल तसं, आणि तो सुधारला की लगेच माफी. पण यातली महत्त्वाची अट म्हणजे पुन्हा गाठ पडणार हे दोघांनाही माहीत हवं. एकदाच भेटणाऱ्यांत फसवणूक परवडते.

ऑनलाइन ओळखीत ही जाणीवच पातळ असते, म्हणून ती मुद्दाम घट्ट करावी. पहिल्या दोन-चार मेसेजनंतर फोन करावा, ऑर्डरच्या आधी एकदा प्रत्यक्ष भेटावं आणि ग्राहकाला कारखाना बघायला बोलवावं. नग रिजेक्ट झाले तर तो सांगण्याआधी आपण सांगावं. शब्द टाकणाऱ्या मित्राला दोनदा कळवावं: काम मिळाल्यावर आणि माल पास झाल्यावर. बहुतेकांकडून पहिला फोन जातो, दुसरा राहतो. पण जामीन राहिलेल्या माणसाला हप्ता फिटल्याचं कळलं, तरच तो पुढच्या वेळी सही करतो.

पेमेंटची भाषाही पहिल्याच दिवशी स्पष्ट असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापला तर ही आठवण न बोलता दिली जाते आणि संबंधात कडवटपणा येत नाही.

आता सुरुवातीच्या कारखानदाराला उत्तर देता येईल. हजार जोडण्या वाया गेलेल्या नाहीत, मोजायची गोष्ट चुकली आहे. सहा महिन्यांतून एकदा दोन आकडे लिहून काढावेत: या काळात किती जणांनी आपणहून माझं नाव कुणाला सुचवलं, आणि मी किती जणांचं सुचवलं. पहिला आकडा आपल्या हातात नसतो. दुसरा पूर्णपणे असतो, म्हणून वाढवायला सुरुवात त्याच्यापासून करावी.